साकव कोणाच्या अखत्यारीत?
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत डहाणूपासून देवगडपर्यंतच्या वाचकांकडून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा विषय एकच आहे. सरकारी पसारा कमी व्हावा आणि आपण निवडून दिलेल्या माणसाने आपले ऐकावे, असे लोकांना मनापासून वाटते. पंचायत विभागात मी सव्वीस वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे या तक्रारीची दुसरी बाजूही मला माहीत आहे. तरीही सुरुवातीलाच सांगतो की तक्रार रास्त आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची वाडी आणि मुख्य रस्ता यांच्यामध्ये पऱ्या (ओढा) आहे. त्यावरचा साकव (पायी जाण्याचा लहान पूल) मागच्या पावसाळ्यात वाहून गेला. ग्रामपंचायत म्हणते, निधी नाही. तालुक्याला बांधकामाच्या कार्यालयात गेलो, तर तो रस्ता त्यांच्या नोंदीत नसल्याचे सांगण्यात आले. जिल्ह्याला गेलो, तर ‘प्रस्ताव खालून येऊ द्या’ असे उत्तर मिळाले. शाळेची मुले आता पऱ्यात दगड टाकून त्यांवरून जातात. एवढी खाती पोसून एक साकव होत नसेल, तर निम्मी खाती बंद का करू नयेत?
— एक शेतकरी, तालुका गुहागर

आपला संताप मी समजू शकतो. तरीही खाती बंद करण्याआधी आपला साकव नेमका कुठे अडकला आहे ते पाहू, कारण त्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

महाराष्ट्रात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. आणि वाडीतली पायवाट, पाखाडी, अंतर्गत रस्ता ही ग्रामपंचायतीची जबाबदारी असते. आपल्या वाडीची वाट यांपैकी कोणत्याही नोंदवहीत चढलेली नसेल, तर तिन्ही कार्यालये आपापल्या परीने खरेच बोलत आहेत, आणि तिघांच्या खरेपणातून मुले पऱ्यात उतरत आहेत. कोकणात वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असल्यामुळे अशा बिननोंदीच्या वाटा घाटावरच्या गावांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. एका कार्यालयाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला सरकार हा एक प्रचंड डोलारा वाटतो. ते आत नोकरी करणाऱ्यालाही तसेच वाटते, हे मी अनुभवाने सांगतो.

आता निधीचे पाहू. ग्रामपंचायत ‘निधी नाही’ म्हणते तेव्हा तिच्या खात्यात पैसे नसतातच असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना जे अनुदान दिले, त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करण्याचे बंधन होते. स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येत होती ती ४० टक्के. साकवासारखे काम या लहान हिश्श्यातूनच करावे लागे, आणि लहान ग्रामपंचायतीचा तो हिस्सा एका बऱ्या साकवालाही पुरत नसे. म्हणजे पैसे गावात पोहोचले, पण ते कशावर खर्चायचे हा निर्णय गावाबरोबर आला नाही. सरकार ‘मोठे’ आहे असे मला वाटते ते याच ठिकाणी. कर्मचाऱ्यांच्या संख्येपेक्षा वरून येणाऱ्या अटींनी ते मोठे झाले आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी लिहून ठेवले आणि त्यांत रस्ते, साकव आणि पूल यांचाही उल्लेख आहे. परंतु विषय, पैसा आणि माणूस हे तिन्ही एकत्र गावात आले, असे अजून झालेले नाही.

मोठे साकव बहुधा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात. घटनेच्या २४३ यडी या अनुच्छेदाप्रमाणे या समितीचे निदान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. आरक्षणाच्या खटल्यामुळे राज्यभरच्या निवडणुका रखडल्या होत्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. मधल्या तीन वर्षांहून अधिक काळात आपल्या गटाचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाचा, सदस्यच अस्तित्वात नव्हता, मग साकवाचा विषय समितीसमोर मांडणार कोण? एका अर्थाने याच काळात सरकार सर्वांत लहान होते, कारण सगळा जिल्हा एका अधिकाऱ्याच्या सहीवर चालत होता. आपल्याला त्याचा लाभ झाला का, याचा विचार आपणच करावा.

मला एक फाईल आठवते. अशाच एका साकवाची, चाळीसेक पानांची. प्रत्येक पानावर ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ किंवा ‘अभिप्रायासह सादर करावे’ असा शेरा, खाली सही, बाजूला आवक-जावक क्रमांकाचा निळा शिक्का. त्या चाळीस पानांत एकच पान असे होते की जे लिहिणारा माणूस प्रत्यक्ष पऱ्याच्या काठावर उभा राहिला होता. एका शाखा अभियंत्याने पेन्सिलीने पऱ्याचा छेद काढून पात्राची रुंदी, पुराच्या पाण्याची खूण आणि दोन्ही काठांवरचा जांभा किती खोलीवर लागतो, एवढे लिहिले होते. बाकीची एकोणचाळीस पाने नसती तरी साकव झाला असता. ते एक पान नसते, तर कोणत्याच सरकारला तो बांधता आला नसता. आपण म्हणता त्याप्रमाणे निम्मी खाती बंद करताना कात्री त्या शाखा अभियंत्यावर पडली, तर आपल्या वाडीचे अधिकच नुकसान होईल, आणि आजवरचा अनुभव असा की पदे रिक्त ठेवायची वेळ येते तेव्हा ती खालचीच राहतात. एका ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, दोन-दोन गावांचा कारभार असतो तो यामुळेच.

आपण आता एवढे करावे. पहिल्यांदा त्या वाटेची ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत नोंद आहे का ते पाहावे, आणि नसल्यास ती घेण्याचा व साकव विकास आराखड्यात धरण्याचा असे दोन ठराव एकाच ग्रामसभेत मंजूर करून घ्यावेत. ठरावाची प्रत जोडून पंचायत समितीकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. राज्याच्या २००५ च्या कायद्यात, ज्याला आपण दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, नेहमीच्या स्वरूपाची फाईल कोणत्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, अशी तरतूद आहे. महिन्याभरात काहीच न कळल्यास माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारावा : अमुक तारखेचा माझा अर्ज आज कोणत्या पदनामाच्या अधिकाऱ्याकडे आहे आणि तो त्याच्याकडे किती दिवसांपासून आहे? या प्रश्नाला उत्तर देताना कोणाला तरी स्वतःचे पदनाम लिहावेच लागते.

आपल्या पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे की वाडीने वर्गणी काढून, पोफळीची खोडे टाकून तात्पुरती वाट केली. मुंबईच्या मंडळानेही पैसे पाठवले. वाडीच्या या एकीचा मला आदर वाटतो. मात्र याला कोणी ‘लोकसहभागातून झालेला विकास’ म्हणून अहवालात लिहू लागला, तर त्याला नम्रपणे विरोध करा. घरपट्टी भरणाऱ्या माणसाला साकवासाठी दुसऱ्यांदा वर्गणी द्यावी लागणे, हा सहभाग नव्हे.

प्रश्न : एका दाखल्यासाठी मी चार वेळा एसटीने तालुक्याला गेले. प्रत्येक वेळी वेगळा कागद मागितला. एकदा तर प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितले. सरकार कमी कागदांत चालू शकत नाही का?
— एक वाचक भगिनी, तालुका श्रीवर्धन

चालू शकते, आणि कायद्याने तसे चालायलाही हवे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. या कायद्याखाली अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा, तिची मुदत, लागणारे कागद, शुल्क आणि ती देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याचे पद यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. आपण पाचव्या वेळी जाल तेव्हा आधी तो फलक वाचा. फलकावर नसलेला कागद मागितला गेला, तर तशी मागणी लेखी द्यावी अशी विनंती करा. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रतिज्ञापत्राबद्दल सांगायचे, तर बहुसंख्य दाखल्यांसाठी स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती स्वीकाराव्यात, असा शासन निर्णय २०१५ मध्येच झाला आहे. असे असूनही खिडकीवरचा माणूस प्रतिज्ञापत्र मागतो, याचे कारण बहुधा दुष्टावा नसून भीती असते : उद्या चौकशी झाली, तर अंगावर येऊ नये. ही भीती दूर करणे वरिष्ठांचे काम आहे, आणि ते त्यांनी केले नाही म्हणून आपल्याला चार वेळा एसटीचे तिकीट काढावे लागले.

प्रश्न : निवडणुकीआधी आमच्या जेटीवर येऊन आमच्या हातचा चहा घेणारे उमेदवार निवडून आल्यावर फोनही उचलत नाहीत. पाच वर्षे वाट पाहण्यापेक्षा त्यांना परत बोलावण्याचा अधिकार आम्हाला का नसावा?
— एक मच्छीमार, तालुका देवगड

आमदार किंवा खासदार यांना मतदारांनी मध्येच परत बोलावण्याची तरतूद आपल्या राज्यघटनेत नाही. गावपातळीवर मात्र त्याच्या जवळ जाणारी सोय आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून सरपंचाची थेट निवड पुन्हा सुरू झाली. अशा सरपंचाविरुद्ध सदस्यांनी अविश्वासाचा ठराव मंजूर केला, तरी तो विशेष ग्रामसभेत मतदारांच्या गुप्त मतदानाने कायम व्हावा लागतो. सरपंचाला ठेवायचे की काढायचे, यावर शेवटचा शब्द गावाचा असतो.

विधानसभेच्या मतदारसंघाला हीच पद्धत लावावी का, याविषयी माझे मत आपल्या मतापेक्षा वेगळे आहे. कोकणातला विधानसभेचा मतदारसंघ किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेला असतो. लाखो मतदारांच्या सह्या जमवणे ज्याच्याकडे पैसा आणि माणसे आहेत त्यालाच जमेल, आणि तो बहुधा मच्छीमार नसेल. पराभूत उमेदवाराच्या हाती दुसऱ्या वर्षीच नवी निवडणूक लादण्याचे साधन देऊन आपल्या जेटीचा गाळ निघणार नाही.

फोनपेक्षा कागद अधिक कामाचा आहे. आपली मागणी नेमकी काय आहे, ती केंद्राची, राज्याची की स्थानिक, हे आधी ठरवा. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा थकला असेल, तर तो राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा विषय आहे आणि त्यावर आमदाराला विधानसभेत तारांकित प्रश्न विचारता येतो. १२ सागरी मैलांच्या आत परराज्यातील ट्रॉलर येत असतील, तर १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, जो २०२१ मध्ये अधिक कडक करण्यात आला, तो राबवणे हेही राज्याचेच काम आहे. तेथून पुढचा समुद्र केंद्राचा, आणि तो विषय खासदाराचा. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत ठराव करून, ‘या विषयावर येत्या अधिवेशनात आपण प्रश्न विचारणार आहात का, हे लेखी कळवावे’ असे पत्र द्या आणि त्या पत्राची प्रत सोसायटीच्या फलकावर लावा. उत्तर आले तर तेही लावा. उत्तर आले नाही, तर पत्राच्या शेजारची रिकामी जागा तशीच राहू द्या. येणारा-जाणारा प्रत्येक खलाशी ती पाहील.

आपल्या पत्रातले एक वाक्य मला अस्वस्थ करून गेले : ‘आमचे काय काम आहे हे त्यांना माहीतच नाही.’ लोकप्रतिनिधीने मतदाराचे ऐकणे म्हणजे लग्न-बारशाला हजेरी लावणे, अशी समजूत दोन्ही बाजूंनी करून घेतली आहे. प्रतिनिधीने हजेरी लावली नाही तरी चालेल. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा खलाशाच्या घरात चूल कशी पेटते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

प्रश्न : मी पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका आहे. ‘सरकार लहान करा’ हे ऐकले की मला भीती वाटते, कारण आमच्याकडे लहान करायचे म्हणजे कमी पटाची शाळा बंद आणि उपकेंद्रातली परिचारिका कमी. माझी भीती चुकीची आहे का?
— एक शिक्षिका, तालुका डहाणू

आपली भीती चुकीची नाही, आणि गुहागरच्या वाचकांनीही आपले पत्र वाचावे अशी माझी इच्छा आहे.

कोकणाने लहान सरकार पाहिलेले आहे. खोती हे तसेच सरकार होते. गावाचा वसूल गोळा करणारा एकच माणूस, ना कचेऱ्या, ना फायली, ना शेरे. त्याने ठरवलेला मक्ता कुळाने घालायचा आणि त्याने सांगितलेली वेठ करायची. दाद मागायला दुसरे दारच नव्हते. अलिबागजवळच्या चरी आणि परिसरातल्या २५ गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण कसायला गेले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. त्या कुळांना हवे होते ते त्यांच्या आणि खोताच्या मध्ये उभे राहणारे सरकार, ज्याला जाब विचारता येईल. हा इतिहास ज्या किनाऱ्याचा आहे, तेथे ‘सरकार लहान करा’ असे म्हणताना कोणाचे सरकार आणि कोणत्या टोकाचे, हे विचारलेच पाहिजे.

दुसऱ्या बाजूने, आपल्या तालुक्यात खऱ्या अर्थाने लहान सरकारची सोय कायद्याने करून ठेवली आहे. डहाणू अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येत असल्यामुळे तेथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, लागू आहे. राज्याच्या २०१४ च्या नियमांनुसार एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊन आपली स्वतःची ग्रामसभा भरवता येते. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला, आणि त्याच्या खर्चावर ग्रामसभेचा अधिकार आहे. आपल्या शाळेत बसून पाड्याची माणसे हा खर्च ठरवत असतील, तर त्याहून लहान आणि त्याहून जवळचे सरकार मला माहीत नाही. ते चालायला शाळा मात्र उघडी असावी लागते, आणि ठराव वाचून दाखवणारे कोणीतरी पाड्यावर राहावे लागते. शाळा बंद करण्याची नोटीस आली, तर ग्रामसभेचा ठराव आपल्या बाजूने आधीपासून तयार असू द्या. आपण शासकीय कर्मचारी असल्यामुळे तो पालकांनी मांडावा.

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो. गणपतीला आणि शिमग्याला गावी जातो तेव्हा गावच्या कारभाराविषयी सगळे बोलतात, पण ग्रामसभा त्या दिवसांत नसते. आम्हा चाकरमान्यांना तेथे बोलता येईल का?
— एक वाचक, दादर. मूळ गाव तालुका राजापूर

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावाच्या मतदार यादीतले मतदार. आपले नाव मुंबईच्या यादीत असेल, तर आपल्याला ग्रामसभेत मत नाही. दोन्ही ठिकाणी नाव ठेवणे हा गुन्हा आहे, तो सल्ला कोणी दिला तरी मानू नका. आपले आई-वडील किंवा भाऊ-वहिनी गावात असतील, तर मत त्यांचे आहे. आपण त्यांना कागद वाचायला मदत करू शकता.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि पुरेशा कारणाशिवाय ती न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर लागतात. ते आले नाहीत म्हणून सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. लोक येत नाहीत म्हणून पहिली सभा तहकूब, आणि दुसऱ्या सभेत दहा-बारा जणांच्या उपस्थितीत वर्षाचा आराखडा मंजूर, हे मी अनेक गावांत पाहिले आहे. निषेध करणाऱ्यांची गर्दी मग पुढच्या गणपतीत आरतीनंतर ओटीवर जमते.

चार हा आकडा किमान आहे; अधिक सभा घेण्यास मनाई नाही. गणपतीच्या आधी, गावात माणसे जमू लागतात त्या आठवड्यात एक सभा ठेवावी, अशी लेखी मागणी आपल्या वाडीतल्या मतदारांच्या सह्यांनी ग्रामपंचायतीकडे आतापासून करून ठेवा. सभेची नोटीस निघताना विषयपत्रिकेत मागील ठरावांवरील कार्यवाहीचा आढावा हा विषय असल्याची खात्री करून घ्या, आणि मागच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत आधीच काढून ती वहिनींच्या हाती द्या. त्यांना महिलांच्या सभेतही तोच प्रश्न विचारता येईल, कारण ती सभा नियमाने ग्रामसभेच्या आधी होते.